शरदातील परसबाग : काढणी, टिकवण आणि बियाणे

खरिपाची सुगी म्हटली की भात, ज्वारी, सोयाबीन आणि कापूस यांचाच विचार प्रामुख्याने होतो. परंतु घरामागे पावसाच्या भरवशावर आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणाऱ्या परसबागेचीही एक स्वतंत्र सुगी असते आणि तिचा काळ आश्विन व कार्तिक, म्हणजेच शरद ऋतू, हा असतो. या सुगीची नोंद बाजार समितीच्या आवकेत होत नाही, तिला हमीभाव नसतो आणि तिचे बहुतेक काम घरातील स्त्रिया, मुले व वृद्ध माणसे करतात. तरीही कुटुंबाच्या पुढील आठ महिन्यांच्या आहाराचा आणि पुढील वर्षाच्या लागवडीचा मोठा भाग याच दोन महिन्यांत ठरत असतो. मांडवावरून उतरवलेल्या प्रत्येक फळाच्या बाबतीत ते लगेच खायचे, टिकवून ठेवायचे की बियाण्यासाठी राखायचे, हा निर्णय घ्यावा लागतो आणि परसबागेचे सारे शहाणपण या तीन वाटांच्या योग्य वाटणीत सामावलेले असते. कोकणातील परसबागेत ही वाटणी विशेष स्पष्टपणे दिसते, म्हणून प्रस्तुत विवेचनात तिलाच केंद्रस्थानी ठेवले आहे.

ऋतू पालटतो तेव्हा

कोकण किनारपट्टीवर वर्षाला साधारण 2,500 ते 3,500 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे राज्यातून माघार घेऊ लागले की आकाश निरभ्र होते, दुपारचे ऊन कडक होते आणि रात्री दव पडू लागते. जमिनीत ओल भरपूर आणि वर ऊन प्रखर, अशी ही स्थिती वर्षात एकदाच येते; त्यामुळे परसातील फळे पक्व होण्यास आणि काढलेला माल वाळण्यास एकाच वेळी अनुकूल काळ मिळतो.

दुसरा बदल डोळ्यांना चटकन जाणवत नाही. 22 किंवा 23 सप्टेंबरच्या संपातानंतर, म्हणजे दिवस व रात्र जवळपास समान असलेल्या दिवसानंतर, रात्र दिवसापेक्षा मोठी होत जाते आणि काही वनस्पती हीच खूण ओळखून फुलोऱ्यावर येतात. अशा वनस्पतींना ऱ्हस्वदिन वनस्पती म्हणतात. लाल अंबाडी आणि वालाचे अनेक गावठी प्रकार या गटात मोडतात. म्हणून ते जूनमध्ये पेरले तरी पावसाळाभर केवळ पाने आणि फांद्या वाढवतात आणि दिवस लहान झाल्यावरच फुलतात. याउलट काकडी, दोडका, पडवळ, भोपळा आणि कोहळा हे वेल आपले एका हंगामाचे आयुष्य संपवण्याच्या मार्गावर असतात. जुन्या पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, चढते आणि नवी फळे लहान राहू लागतात. वेल आटोपत आला की कोवळी फळे खाण्यासाठी तोडायची आणि जून फळे साठवण व बियाणे यांसाठी वेलावरच पिकू द्यायची, हा नियम अनुभवी माणसे काटेकोरपणे पाळतात.

मुळात प्रश्न पाण्याचा

टिकवणीचे घरगुती प्रकार वरवर पाहता परस्परांहून अगदी भिन्न वाटतात. कुठे ऊन, कुठे मीठ, कुठे साखर, तर कुठे राख वापरली जाते. मात्र या सर्वांमागील तत्त्व एकच आहे. अन्न नासवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला वाढण्यासाठी पाणी लागते आणि तेही असे की जे अन्नातील इतर घटकांशी बांधलेले नसून त्यांना वापरता येईल. या उपलब्ध पाण्याचे माप 0 ते 1 या श्रेणीत मोजतात व त्याला जलक्रियाशीलता म्हणतात; शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता 1 असते, ती 0.9 च्या खाली गेली की अन्न बिघडवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते आणि 0.6 च्या खाली बुरशीसुद्धा वाढू शकत नाही. ऊन हे पाणी हवेत उडवून देते, तर मीठ आणि साखर ते पदार्थात राहूनही जंतूंच्या उपयोगाचे ठेवत नाहीत. पावसाने चार महिने परसात ओतलेले पाणी फळांत साठलेले असते आणि शरदातील घरकाम म्हणजे ते पाणी मोजूनमापून काढून टाकण्याचे किंवा बांधून ठेवण्याचे काम होय.

कोहळा आणि लाल भोपळा

काही फळांनी ही व्यवस्था स्वतःच केलेली असते. पक्व कोहळ्यावर दिसणारा पांढरट थर हा वनस्पतीनेच स्रवलेल्या मेणाचा असतो आणि तो आतील ओल बाहेर जाऊ देत नाही व बाहेरची ओल आत शिरू देत नाही. म्हणून कोहळा काढताना देठाचा तुकडा फळालाच ठेवावा, फळ धुऊ नये, त्यावर ओरखडा पडू देऊ नये आणि ते जमिनीवर न ठेवता सुंभाच्या शिंक्यात घालून माजघरात किंवा पडवीत आढ्याला टांगावे, अशी रीत आहे. जमिनीला टेकलेल्या भागात ओल धरते आणि कुजण्याची सुरुवात तेथूनच होते. टांगलेल्या फळाभोवती मात्र सर्व बाजूंनी वारा खेळतो आणि ते कित्येक महिने टिकते. लाल भोपळ्याची सालही पक्व झाल्यावर नखाने टोचता येणार नाही इतकी कठीण होते आणि काढल्यावर काही दिवस कोरड्या जागी ठेवल्यास देठाजवळची जखम सुकून बंद होते.

कोहळ्यापासून सांडगे करण्याची पद्धत टिकवणीच्या दृष्टीने मोठी विचारपूर्वक बसवलेली आहे. जून कोहळा सोलून, बिया काढून किसतात, किसाला मीठ लावून पाणी सुटू देतात आणि तो पिळून घेतात. सुटलेले पाणी न टाकता भिजवलेली उडदाची डाळ घट्ट वाटताना वापरता येते. डाळीत किस, हिरवी मिरची, जिरे आणि हिंग मिसळून त्याचे लहान लहान गोळे कापडावर किंवा प्लॅस्टिकवर घालतात. उडदाच्या चिकटपणामुळे किस बांधला जातो व वाटणात अडकलेल्या हवेमुळे सांडगा वाळल्यावर जाळीदार होतो, म्हणूनच तो तळताना लवकर फुलतो. वाळवणाचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा असला तरी कोहळा, गवारीच्या शेंगा, कारल्याच्या चकत्या आणि मिरच्या यांच्यासाठी शरदाचे ऊनही पुरेसे असते. फक्त एक पथ्य पाळावे लागते. या दिवसांत सूर्यास्तानंतर दव पडत असल्याने वाळवण दिवस कलण्यापूर्वीच घरात घ्यावे लागते, नाहीतर दिवसभरात उडालेली ओल रात्रीत परत येते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी धरते.

कोहळ्याच्या वड्या किंवा पेठा करताना फोडी काही काळ चुन्याच्या निवळीत ठेवतात. फळाच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ चुन्यातील कॅल्शियमशी जोडला जातो, त्यामुळे फोडी नंतर पाकात शिजवल्या तरी विरघळत नाहीत आणि त्यांचा कुरकुरीतपणा राहतो. निवळीतून काढलेल्या फोडी स्वच्छ पाण्यात अनेकदा धुणे मात्र अत्यावश्यक असते. लाल भोपळ्याची वाट निराळी आहे. त्याच्या किसात गूळ शिजवून व पीठ मळून केलेले घारगे चार-पाच दिवस टिकतात, तर मोठ्या आकाराच्या जून काकडीपासून, म्हणजे तवशापासून, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालून केलेले धोंडस हे त्याच आठवड्यात संपवायचे पक्वान्न असते.

आवळा आणि अंबाडी

कार्तिक शुद्ध नवमीला महाराष्ट्रात कूष्मांड नवमी म्हणतात आणि तिलाच आवळे नवमी असेही नाव आहे. कोहळ्याचे दान आणि आवळीच्या झाडाखालचे भोजन या दोन्ही प्रथा या तिथीशी जोडलेल्या आहेत. एक फळ टिकवणीच्या शिखरावर असताना दुसरे हाताशी येऊ लागते, असा हा सांधा आहे. ताज्या आवळ्यात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते, परंतु त्याची चव तुरट-आंबट असल्याने आणि फळांचा हंगाम मर्यादित असल्याने मोरावळा, आवळकाठी आणि आवळा-सुपारी हे प्रकार रूढ झाले.

मोरावळा करताना आवळ्यांना काट्याने किंवा सुईने सर्व बाजूंनी टोचे मारतात, ते वाफवून घेतात आणि मग साखरेच्या पाकात मुरवतात. येथे घाई केल्यास काम बिघडते. आरंभीच अतिशय घट्ट पाकात आवळे टाकले तर पाक आत शिरण्याआधीच फळातील पाणी बाहेर ओढले जाते आणि आवळे आकसून वातड होतात. म्हणून पाक प्रथम पातळ ठेवून काही दिवसांच्या अंतराने पुन्हा आटवतात व साखरेचे प्रमाण क्रमाक्रमाने वाढवतात. अखेरीस पाकात साखरेचे वजन 65 टक्क्यांच्या पुढे गेले म्हणजे मोरावळा वर्षभर टिकण्याजोगा होतो. आवळकाठीसाठी आवळ्याच्या फोडी किंवा किस मीठ लावून उन्हात खडखडीत वाळवतात. तिथे साखरेऐवजी मीठ आणि ऊन मिळून तेच काम करतात.

लाल अंबाडीची भाजी पावसाळ्यात होते, परंतु तिचे खरे वैभव ऑक्टोबरच्या अखेरीस दिसते. फूल गळून पडल्यावर त्याच्या तळाशी असलेला निदलपुंज, म्हणजे कळीला वेढणारी बाहेरची जाड पाने, फुगून गर्द लाल होतो आणि त्यालाच अंबाडीचे बोंड म्हणतात. आतील बियांची कुपी काढून ही लाल आवरणे उकळली की सुंदर रंगाचे आंबट पाणी मिळते. त्यातील आम्ल व पेक्टिन यांमुळे केवळ साखर घालून आटवले तरी जेली जमते, तर कमी साखर घातल्यास सरबत होते. सुकवलेली बोंडे हवाबंद डब्यात ठेवून वर्षभर चटणीसाठीही वापरता येतात. काढून बाजूला ठेवलेल्या कुपीतील बिया पुढच्या जूनमध्ये पेरायच्या असल्याने एकाच बोंडात खाणे, टिकवणे आणि पेरणे या तिन्ही वाटा एकत्र येतात.

लोणच्यांच्या बाबतीत सुरक्षिततेचा एक मुद्दा स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. लिंबाचे लोणचे टिकते ते त्यातील मीठ आणि आम्ल यांमुळे. आम्लता दर्शवणारा सामू 4.6 च्या खाली असेल तर बोटुलिझम हा जीवघेणा विषबाधेचा विकार घडवणारा जिवाणू वाढू शकत नाही. तेलाचा थर केवळ हवा अडवतो व त्यामुळे बुरशीला आळा बसतो, परंतु ज्या भाजीत स्वतःची आंबटाई नाही तिला तेल संरक्षण देत नाही. उलट हवेविना वाढणाऱ्या या जिवाणूला ते अनुकूल ठरते. म्हणून लसूण, गवार किंवा कंद यांसारखे पदार्थ लिंबाचा रस वा व्हिनेगर यांची पुरेशी जोड न देता तेलात साठवू नयेत.

परसातून घरात

शरदातील परसबाग केवळ स्वयंपाकघर भरत नाही. घरातील अनेक वस्तूही तिच्यातूनच तयार होतात. वेलावर मुद्दाम वाळू दिलेले घोसाळे तपकिरी व हलके झाले की त्याची साल सोलून, बिया झटकून आणि उरलेली जाळी धुऊन अंग घासण्यासाठी वा भांड्यांसाठी उत्तम घासणी मिळते. ही जाळी म्हणजे फळात पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांचे तंतू असतात आणि झिजल्यावर ती मातीत सहज मिसळून जाते. नारळाच्या झावळ्यांतील हिर काढून खराटा बांधतात, तर झावळ्या विणून तयार केलेली झापे पावसानंतर अंगणात उभारल्या जाणाऱ्या मांडवावर घालतात. त्याआधी अंगणाची पावसाने धूप झालेली जमीन खणून, सारखी करून, चोपून शेणाने सारवली जाते. पुढे सुपारी, मिरच्या आणि कडधान्ये वाळवण्यासाठी हेच अंगण उपयोगी पडते.

सणांची मांडणीही या सुगीशी घट्ट जोडलेली आहे. कोकणात आश्विनी पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात. भाताच्या नव्या लोंब्या आंब्याच्या पानांसह आणि झेंडूच्या फुलांसह बांधून दाराला लावण्याची आणि नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवण्याची प्रथा तेथे आहे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीला कुंपणावर वाढणारे कडू कारीट पायाखाली फोडले जाते आणि त्यानंतर नव्या भाताच्या पोह्यांचे निरनिराळे प्रकार केले जातात. पोहे करण्यासाठी भात भिजवून, भाजून आणि गरम असतानाच कांडतात; भिजल्याने व उष्णतेने दाण्यातील पिष्ट मऊ होते, त्यामुळे दाणा न फुटता चपटा होतो. दसऱ्याच्या तोरणातील झेंडूसुद्धा वाया जात नाही, कारण पक्व फुले वाळल्यावर त्यांच्या पाकळ्यांच्या तळाशी असलेल्या काळ्या, लांबट बिया हेच पुढील वर्षाचे बियाणे असते.

कंदांची काढणी या काळात सुरू होऊन थंडीपर्यंत चालते. सुरणाचे पान पिवळे पडून लोळले म्हणजे कंद तयार झाला असे समजतात. त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे खाज सुटत असल्याने तो शिजवताना चिंच किंवा आमसूल घालतात. करांद्याच्या वेलावर पानांच्या बगलेत लागणारे कंद पक्व होऊन गळू लागतात. सुरण आणि करांदे दोन्ही धुण्याऐवजी माती झटकून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवले तर अनेक आठवडे टिकतात आणि त्यांतील लहान कंद लागवडीसाठी बाजूला काढले जातात.

बियाणे : सर्वांत आधीची वाटणी

या साऱ्या कामांत बियाण्याचे काम शेवटी केले जाते असे वाटते, परंतु प्रत्यक्षात ते सर्वांत आधी ठरवावे लागते. वेलावरील सर्वांत चांगले, निरोगी आणि लवकर लागलेले एखादे फळ चिंधी बांधून राखून ठेवतात व घरातील कोणीही ते तोडत नाही. कारण उरलेसुरले खुरटे फळ बियाण्यासाठी वापरले तर पुढच्या पिढीत तोच खुरटेपणा उतरण्याचा धोका असतो. पक्व काकडीच्या बिया गरासकट काही काळ ठेवून धुतात, राखेत घोळवतात आणि सावलीत वाळवतात. राख ओल शोषून घेते आणि तिच्या कोरड्या, क्षारीय कणांमुळे किडीला बियांत शिरणे अवघड जाते. बियाणेशास्त्रातील एक स्थूल नियम असा की बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी केला किंवा साठवणीचे तापमान सुमारे 5 अंश सेल्सियसने उतरवले, तर बियांचे आयुष्य साधारण दुप्पट होते. मातीच्या भांड्यात राखेसह बी ठेवण्याची किंवा चुलीवरच्या कोरड्या जागी शेंगा टांगण्याची जुनी पद्धत या नियमातील ओलाव्याचा भाग अचूक पाळते.

परागीभवनाचे ज्ञानही येथे उपयोगी पडते. चवळी आणि वाल यांच्या फुलांत बहुतांशी स्वपरागीभवन होते, म्हणून त्यांचे वाण शेजारी दुसरा वाण असला तरी बऱ्यापैकी शुद्ध राहतात. भोपळवर्गीय वेलांवर मात्र नर व मादी फुले वेगळी असतात आणि मधमाश्या एका वेलावरचा पराग दुसऱ्यावर नेतात. त्यामुळे लाल भोपळ्याचे दोन वाण जवळजवळ लावल्यास त्यांचा संकर होऊ शकतो, तर कोहळा वेगळ्या प्रजातीचा असल्याने त्याचा भोपळ्याशी संकर होत नाही. बाजारातील संकरित वाणांपासून घरी धरलेले बी मूळ गुणांचे पीक देत नाही. म्हणून घरच्या बियाण्याची परंपरा गावठी, म्हणजे स्थानिक आणि पिढ्यान्पिढ्या निवडलेल्या, वाणांवरच उभी राहते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम गावठी बियाण्यांच्या बँकेच्या रूपाने सर्वांसमोर आणले, बाएफ या संस्थेचे साहाय्य त्यांना लाभले आणि 2020 साली त्यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. औपचारिक शिक्षण नसतानाही परसबागेत जपलेल्या ज्ञानाचे मोल राष्ट्रीय पातळीवर ओळखले गेले, ही घटना असंख्य घरांतील अनामिक स्त्रियांच्या कामाचीही पावती आहे. कायद्यानेही या परंपरेला आधार दिला आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क आहे.

पुढच्या हंगामाची सुरुवात

काढणी संपली की वाळलेले वेल, पाने व साली खड्ड्यात घालून त्यांचे खत करतात, मात्र भुरी किंवा विषाणूने ग्रासलेले भाग वेगळे काढून नष्ट करावे लागतात. भात कापल्यावर खाचरातील उरलेल्या ओलीवर वाल, पावटा, चवळी आणि कुळीथ पेरतात, तर परसात मेथी, मुळा, लाल माठ आणि वांगी यांची लागवड होते. ज्यांच्याकडे परस नाही अशा शहरी कुटुंबांनाही या चक्रात सहभागी होता येते. ऊन मिळणाऱ्या गच्चीवर किंवा खिडकीत मोठ्या कुंडीत अंबाडी, भेंडी आणि चवळी उत्तम वाढतात आणि मंडईतून आणलेल्या कोहळ्याचे सांडगे त्याच गच्चीवर वाळवता येतात. मात्र प्रत्येक कुंडीतील एक शेंग बियाण्यासाठी झाडावर वाळू देण्याचा नियम तिथेही पाळायला हवा.

परसबागेतील बहुतेक पिके एका वर्षाची आहेत आणि घरगुती साठवणीत अनेक बियांची उगवणशक्ती थोड्याच वर्षांत घटते. त्यामुळे एखाद्या घराने सलग दोन-तीन हंगाम बी धरले नाही, तर त्या घरापुरता तो वाण कायमचा संपतो आणि तो पुन्हा विकत मिळेलच अशी खात्री नसते. सांडगे घालण्याचे किंवा मोरावळ्याचा पाक ओळखण्याचे कसबही असेच आहे. ते लिहून ठेवलेल्या कृतीपेक्षा हाताला लागलेल्या सरावात अधिक टिकते आणि एक पिढी त्यात सहभागी झाली नाही तर पुढच्या पिढीला ते नव्याने शोधावे लागते. म्हणून शरदातील या दोन महिन्यांत मुलांना काढणीला, वाळवणाला आणि बी निवडायला सोबत घेणे हे केवळ सुटीतील मनोरंजन मानू नये. वाण आणि कसब या दोन्ही गोष्टी जिवंत ठेवण्याचा त्याहून खात्रीचा मार्ग उपलब्ध नाही.